असीरगढच्या नळाला लिंबू

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या वाट्याला देशात पहिला नंबर येण्याचे प्रसंग थोडे. केळी आमच्याकडेही ढीगभर पिकतात, पण नाव जळगावचं होतं. मुमताजमहल 1631 साली इथं वारली, पण ताजमहाल आग्र्यानं नेला. म्हणून 22 जुलै 2022 या दिवशी देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरचं नाव जाहीर झालं, तेव्हा ज्यांच्या घरी नळ आधीपासून होता त्यांचीही छाती फुगली. 254 गावं, 1,01,905 घरं, आणि प्रत्येक घरात नळ. ऑगस्ट 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा यातल्या 37,241 घरांत नळ होता. म्हणजे तीन वर्षांच्या आत साठ-पासष्ट हजार घरांत नवीकोरी तोटी चमकू लागली.

ती चमक टिकली किती, हे मात्र कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव केले की आमच्या घराघरांत, शाळेत, अंगणवाडीत नळाला पाणी येतं. पाण्यामागोमाग नळाला आणखी काय येतं, यावर ठराव झाला नाही. योजनेचा यात काही दोष नव्हे. जमिनीखालचं पाणी आमच्याकडे मुळातच जड. ते वर आलं, की आपल्याबरोबरचं सामान नळाच्या तोंडाशी ठेवून जातं.

हापसा होता तेव्हा हापशाला क्षार धरलाय का, याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा लोक हंड्याकडे बघत. हंडा भरला की मिळवलं. हंडा रोज चिंचेनं घासला जाई, त्यामुळे त्यावर काही बसायच्या आतच ते निघूनही जाई. आता पाणी घरात आलं, हंडा माळ्यावर गेला, आणि इतकी वर्षं पाण्यात अडकलेली नजर मोकळी होऊन नळावर स्थिरावली. नळ पांढरा पडलाय ही तक्रार भरल्या हंड्याची तक्रार आहे, असं माझं मत आहे. हे मत मी घरी बोलून दाखवत नाही.

माझी आत्या असीरगढला राहते. बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की सातपुड्याच्या डोंगरावर किल्ला दिसू लागतो. गाव त्याच्या पायथ्याशी. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांना या डोंगराखालून जावं लागे, म्हणून असीरगढला दख्खनचा दरवाजा म्हणत. आत्याच्या घरात या दरवाज्याचं कौतुक कधीच संपलं. सध्या कौतुक आहे ते बाथरूमच्या दरवाज्याचं, कारण त्याच्या आत आतेभावानं हौसेनं बसवून घेतलेले नळ आहेत. बऱ्हाणपुरातल्या दुकानातून आणलेले, आरशासारखे, एका बोटानं फिरणारे. पाव फेरी फिरवला की पाणी सुरू, पाव फेरी उलटा फिरवला की बंद. पाहुणा आला की त्याला आधी चहा न देता हात धुवायला पाठवत.

पावसाळा सरला, दिवाळी आली, आणि नळांवर पांढरे ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे डाग झाले. डागांचा थर झाला. वहिनींनी तारेची घासणी घेतली आणि भांड्यावर काढायचा सगळा राग नळावर काढला. थर थोडा निघाला, नळावर मात्र असंख्य बारीक ओरखडे उठले, आणि पुढच्या खेपेला आलेल्या क्षाराला त्या ओरखड्यांत पाय रोवायला अधिकच सोयीचं झालं. घासणीनं घासलेला नळ दर वेळी आधीपेक्षा लवकर पांढरा होतो. हे ज्याला कळतं तो घासणी खाली ठेवतो, पण कळेपर्यंत नळ जुना झालेला असतो.

आतोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी त्या थराची खपली नखानं काढली, उजेडात धरली, आणि कुणाला काही कळायच्या आत जिभेवर ठेवली.

“मीठ नाही,” ते म्हणाले. त्यांना फसवल्याचा भाव चेहऱ्यावर होता. क्षार म्हटल्यावर ते खारट असणार, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती.

खारट नसतंच ते. पावसाचं पाणी सातपुड्यावर पडतं तेव्हा अगदी निर्मळ असतं, कुणाचं घेणं नाही, देणं नाही. मातीतून मुरताना ते कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. त्या आंबटपणाच्या जोरावर काळ्या पाषाणातून जाताना थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेतं. जमिनीखाली हे सगळे गुण्यागोविंदानं राहतात. बोअरमधून वर आल्यावर उघड्या हवेत गॅस निघून जातो, थेंब सुकतो, आणि ज्याच्या जिवावर कॅल्शियम विरघळून बसलं होतं तोच पळाल्यामुळे ते बिचारं नळावर उघडं पडतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत आणि त्यावर हमखास प्रश्न येई. आतोबांनी तो पस्तीस वर्षं शिकवला होता. नळाशी त्याचा संबंध आहे हे पुस्तकात नव्हतं, म्हणून त्यांनीही तो लावला नव्हता.

किती असतं हे सामान? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की एका लिटरमध्ये एकूण कठीणपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. गच्चीवरची काळी हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. चांगल्या पाण्यानं भरली तरी तिच्यात 200 ग्रॅम ऐवज आहे. चालवून घेतलेल्या पाण्यानं भरली तर अर्ध्या किलोच्या वर. सगळा काही चिकटत नाही, बहुतेक मोरीतून निघून जातो, पण रोज टाकी भरणाऱ्या घरात वर्षाला किती पोती आली आणि गेली याचा हिशेब आतेभावानं मोबाइलवर केला आणि सिमेंट विकत घेतल्याचा पश्चात्ताप त्याच्या तोंडावर दिसला.

वहिनींची काळजी वेगळी. “नळावर एवढं बसतं, तर आपल्या पोटात किती बसत असेल?” हा प्रश्न आमच्या भागात प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचं उत्तर शेजारी देतात, त्यामुळे तो सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं कुठलीही मर्यादा घातलेली नाही. शरीराला कॅल्शियम लागतंच. पोट म्हणजे नळ नव्हे, तिथं थेंब सुकत बसत नाही. पण हे सांगणाऱ्यापेक्षा ‘आमच्या साडूला स्टोन झाला’ असं सांगणाऱ्याचं वजन जास्त पडतं.

खरा त्रास दुसरीकडे आहे. डाळ शिजत नाही. तिच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियम हातमिळवणी करतं आणि तूर तीन शिट्ट्यांनंतरही दाणा न् दाणा वेगळा राखून बसते. मग चिमूटभर सोडा. साबणाला फेस येत नाही, येते ती चिकट साय. आणि गिझर तापताना आतून तडतड ऐकू येते, कारण कॉइलवर थर चढलेला असतो, वीज आधी त्याला तापवते आणि मग जमलं तर पाण्याला. नळाचा डाग निदान दिसतो तरी. गिझरचा दिसत नाही, तो बिलात येतो.

असो. आपण नळावर होतो.

वहिनींनी मोबाइलवर उपाय शोधले. जगातला प्रत्येक पातळ पदार्थ नळ स्वच्छ करतो, असं त्या व्हिडिओंवरून दिसतं. टूथपेस्ट. कोल्ड्रिंक. टोमॅटो सॉस. सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे खायचा सोडा आणि शिरका एकत्र. यात फसफस इतकी होते की बघणाऱ्याचा विश्वास बसलाच पाहिजे. फेस आला म्हणजे काम होतंय, ही शिकवण साबणाच्या जाहिरातींनी आपल्याला लहानपणापासून दिली आहे. वास्तविक तिथं शिरका आणि सोडा एकमेकांना संपवण्यात गुंतलेले असतात. क्षार बाजूला बसून तमाशा बघतो. शेवटी उरतं ते खारट पाणी. एकटा शिरका लावला असता तर काम झालं असतं. पण एकटा शिरका फसफसत नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

आत्यानं यातलं काही पाहिलं नाही. तिनं सरबत करून उरलेली लिंबाची अर्धी फोड घेतली, नळाच्या तोंडावर टोपी बसवावी तशी दाबून बसवली, निसटू नये म्हणून वहिनींच्या केसांचं रबर तिच्यावरून ओढलं, आणि ती पोथी वाचायला बसली.

तेवढ्यात शेजारची काकू दही मागायला आली. मागच्या अंगणातल्या नळालाही आत्यानं असंच लिंबू चढवलं होतं, ते तिला आधी दिसलं. ती जागीच थबकली.

“काय हो, दृष्ट लागली का?”

“नळाला.”

काकूनं गंभीरपणे मान हलवली. एवढा महागाचा नळ, येणारा-जाणारा बघत होता, लागणारच. “आणि मिरच्या?”

“मिरच्या नाही लागत याला.”

“सात लागतात. लिंबाला मिरच्या नसतील तर उतरत नाही.” काकूचा या विषयातला अधिकार मोठा आहे. “कुणी सांगितलं तुम्हाला? बऱ्हाणपूरच्या बाबांनी?”

आत्यानं सांगितलं की कुणी बाबानं नाही, चिंचेनं पितळ निघतं तसं लिंबानं हे निघतं, आंबटाचा गुण आहे. काकूनं ऐकून घेतलं. देवाधर्माच्या गोष्टी लोक बाहेर सांगत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तासाभरानं आत्यानं रबर काढलं, फोड काढली, जुन्या टूथब्रशनं दोन हात मारले आणि कोरड्या फडक्यानं पुसलं. आत पांढऱ्याखालून नळाचा मूळ चेहरा निघाला आणि त्यात काकूचा चेहरा दिसला. दुसऱ्या दिवशी त्या आळीत आणखी काही नळांना लिंबू लागलं होतं. काकूच्या नळाला मिरच्याही होत्या. तिचाही नळ निघाला, आणि श्रेय कोणाला द्यायचं यावर पुढे बराच वाद झाला.

लिंबाची अडचण एकच, भाव. हिवाळ्यात ठीक. पण मे महिन्यात, जेव्हा बोअरचं पाणी खाली जातं आणि क्षार जास्तीत जास्त येतो, नेमकं तेव्हा लिंबू हातात धरवत नाही. तेव्हा नळाला लिंबू लावणारं घर सरबत काय पितं, असा प्रश्न पडतो. अशा वेळी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचंच काम थोडक्यात करतं. आतेभाऊ ते आणायला गेला तर दुकानदारानं विचारलं, “ढोकला बन रहा है क्या, भैया?” नळाला लावायचंय म्हटल्यावर त्यानं पुडी बांधता बांधता हात थांबवला आणि आणखी मोठी पुडी बांधली. त्याच्याही घरी नळ होता.

कपभर कोमट पाण्यात एक-दोन चमचे सत्व, त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळायचं आणि अर्धा-पाऊण तास तिकडे बघायचं नाही. एवढंच. शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे. माणसाला दर पाच मिनिटांनी फडकं उचलून ‘निघालं का’ बघायचं असतं. न निघाल्यास तो सुरी आणतो.

सुरीनं असीरगढात काही मिळालेलं नाही, हे इतिहासात लिहून ठेवलं आहे. अकबर बादशहा 1600 साली खुद्द बऱ्हाणपुरात येऊन बसला होता. एवढी फौज, एवढा तोफखाना, आणि हा डोंगर दाद देईना. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी 17 जानेवारी 1601 रोजी किल्ला हातात आला, तो आतल्या माणसांना फितवून. दरवाजे सोन्याच्या चाव्यांनी उघडले, असं लोक तेव्हापासून म्हणत आले. त्याच्या दोनशे वर्षं आधी नासिरखान फारुकीनं आसा अहिराकडून हाच किल्ला घेतला, तोही अशाच मार्गानं. डोल्यांमध्ये आमच्या बायका आहेत, त्यांना आसरा द्या, असं सांगून त्यानं डोल्यांत बसवलेले हत्यारबंद शिपाई आत नेले, अशी कथा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या क्षारानं हे सगळं अंगी बाणवलं आहे. जोर केला की तो तट धरून बसतो. काहीतरी आंबट घेऊन त्याच्या दाराशी गुपचूप बसून राहिलं, की आतून फितुरी होते. कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड बारीक बुडबुडे सोडत पळ काढतो आणि मागे राहिलेलं कॅल्शियम मुकाट्यानं पाण्यात उतरतं.

1819 साली इंग्रजांनी मात्र तोफा लावून, तटाला भगदाडं पाडून असीरगढ शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला, हे खरं आहे. पण त्याला तोफा लागतात आणि तटाची काळजी नसावी लागते. आमच्याकडचा प्लंबर या इंग्रजी परंपरेतला. तो आला, त्यानं नळ फिरवून पाहिला. पाव फेरीचा नळ आता अर्ध्या वाटेत अडत होता, कारण आतल्या सिरॅमिकच्या दोन चकत्यांमध्येही क्षार शिरला होता. प्लंबरनं पान्ह्याला फडकंही न गुंडाळता नळाची मान धरली.

“नळ बदला,” तो म्हणाला.

“पाणी तेच राहणार ना रे बाबा?” आत्यानं विचारलं.

“पाणी तर तेच.”

“मग नवा नळ किती दिवस टिकेल?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “माझा नंबर आहे ना तुमच्याकडे,” तो म्हणाला.

त्याच्याकडे आणखी एक इलाज होता, बाटलीतलं ॲसिड. मोरी धुवायचं. त्यानं क्षार क्षणात जातो, त्याच्या पाठोपाठ नळावरचा क्रोम जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं, मग त्या पिवळ्या नळाकडे बघून वहिनी जे म्हणतील ते छापता येणार नाही. शिवाय ॲसिडमागून कुणी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं क्लीनर ओतलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि त्या बंद बाथरूममधून माणसाला बाहेर ओढावं लागतं. नळाच्या डागासाठी एवढी मजल मारू नये. लिंबूसत्वही रात्रभर ठेवू नये, हे खरं. आंबटाची भूक क्षार संपल्यावर क्रोमकडे वळते. आणि सोनेरी-काळ्या रंगाचे जे नव्या फॅशनचे नळ निघालेत, त्यांना लावायच्या आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघावं.

फरशीचं तर कुणी सांगतच नाही. आमच्याकडे बाथरूमला कोटा फरशी घालायची पद्धत, ओट्याला आणि बेसिनला संगमरवर. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, संगमरवर म्हणजे तीच चुनखडी, खोल जमिनीत भाजून निघालेली. नळावरचा क्षार तोच. लिंबाला यांतला फरक कळण्याचं काही कारण नाही. नळावरून ओघळलेलं आंबट पाणी फरशीवर पडलं की तिची पॉलिश उडते, आणि चकचकीत नळाखाली तो ओघळ ठळक उठून दिसतो. वहिनींनी म्हणून खाली जुना टॉवेल अंथरला. घरोघर नळ वाचवताना किती फरश्या गेल्या असतील, ते पॉलिशवाल्यांना विचारावं.

शॉवर हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या भोकांत क्षार सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे एक धार खिडकीकडे जाते, एक साबणदाणीत, एक नेमकी डोळ्यात. अंगावर पडण्याची जबाबदारी कुणीच अंगावर घेत नाही. आतेभावानं प्लास्टिकच्या पिशवीत सत्वाचं पाणी भरलं, शॉवरचं तोंड त्यात बुडवलं आणि वर दोरीनं आवळलं. त्या अवस्थेत शॉवर सलाइन लावलेल्या पेशंटसारखा दिसत होता, आणि घरातले सगळे आळीपाळीनं दारातून डोकावून ‘आता कसं आहे’ विचारून जात होते. आतोबांनी रात्री आठला पिशवी सोडायचा निर्णय घेतला. त्यांना निर्णय घ्यायला आवडतं.

नळाच्या तोंडाशी एक जाळी असते, एरेटर म्हणतात तिला, ती मात्र हातानं फिरवून काढता येते. निघाली तर. आत प्लास्टिकची वाटी, तिच्यात गोल स्टीलची जाळी, आणि एक काळी रबरी रिंग. जाळी उलटी करून तळहातावर आपटली की वाळूचे चार कण आणि क्षाराच्या पांढऱ्या कपच्या पडतात. नळाला धारच नाही म्हणून टाकी, पाइप, मोटर सगळं तपासून झाल्यावर शेवटी जी चोरी सापडते ती ही. जाळी वाटीभर सत्वाच्या पाण्यात टाकायची. रबरी रिंग त्या वेळी मोरीत घरंगळते आणि मोरीच्या जाळीतून खाली जाते. ही रिंग बाजारात एकटी मिळत नाही. तिच्यासाठी सबंध एरेटर घ्यावा लागतो, आणि ज्यानं ही व्यवस्था लावली त्याच्याही घरी देवानं जड पाणी द्यावं.

खरा उपाय अर्थातच वेगळा आहे, पण तो इतका साधा आहे की सांगितल्यास माणसं नाराज होतात. क्षार थेंब सुकला की बसतो. थेंब पुसला तर बसणार काय? नळ वापरून झाला की कोरड्या फडक्याचा एक हात. आणि नळ गळत असेल तर तो आधी थांबवणं, कारण गळक्या नळाला क्षाराचा रतीब लागलेला असतो. साध्या नळाचा वॉशर काही रुपयांत येतो. आतेभावानं हे ऐकलं आणि वॉटर सॉफ्टनरच्या किमतीची चौकशी केली. त्या यंत्रात रेझिनचे मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, आणि मणी थकले की त्यांना मिठाच्या पाण्यानं ताजं करायचं. आतोबांना यात मीठ आहे हे ऐकून बरं वाटलं.

या सगळ्या धावपळीत एकदा आम्ही बऱ्हाणपुरात खूनी भंडारा बघायला गेलो. कुंडी भंडाराही म्हणतात. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं 1615 साली, खान-ए-खानान अब्दुर्रहीमच्या अमदानीत, म्हणजे पाण्यावर दोहा लिहिणाऱ्या त्याच रहीमच्या, हे काम केलं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरायचं आणि उताराउतारानं शहराकडे आणायचं. वर ठरावीक अंतरानं कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी; शंभराच्या वर आहेत. पंप नाही, मोटर नाही, वीज जाण्याचा प्रश्न नाही. लिफ्ट सुरू असेल तर खाली उतरता येतं. आम्ही उतरलो. खाली गार काळोख, घोट्याइतकं वाहतं पाणी, आणि भिंतींवर वरपासून खालपर्यंत क्षाराची पुटं. चारशे वर्षं थेंब झिरपला, थोडं ठेवून पुढे गेला.

गाइड बॅटरी मारून ती पुटं दाखवत होता. लोक ‘वा’ म्हणत होते, फोटो काढत होते. मार्च 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. तुर्कस्तानात पामुक्कलेचा पांढराशुभ्र डोंगर निव्वळ याच चुन्याचा आहे, तो 1988 पासून जागतिक वारसा आहे. आंध्रात बोर्रा गुहेत छताला लोंबणारा क्षार बघायला लोक रेल्वेनं जातात. वहिनी त्या बोगद्यात उभ्या राहून बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी बोट लावून पाहिलं. मग हळूच मला विचारलं, “इथं कुणी घासायला येत नाही?”

नाही येत म्हटल्यावर त्यांना ते आवडलं नाही. बऱ्हाणपुरातल्याच शाही किल्ल्यातला हमाम पाहतानाही त्यांचा तोच प्रश्न होता. बेगमांसाठी हमाम कुणी बांधला, छतावर नक्षी कुणी काढली, हे सगळे सांगतात. त्याच्या मोऱ्या कोण खरवडत होतं, ते एकाही तवारिखीत नाही. तवारीख लिहिणारे पुरुष होते, असं वहिनी म्हणाल्या.

परत येताना गाडीत किल्ल्याचा विषय निघाला, आणि असीरगढात किल्ल्याचा विषय निघाला की अश्वत्थामा येतोच. तो अजून वर फिरतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कपाळावरची मण्याची जखम भळभळते, म्हणून वाटसरूंकडे तेल आणि हळद मागतो. पहाटे तळ्यात अंघोळ करतो आणि गुप्तेश्वर महादेवाला ताजं फूल वाहून जातो. मी म्हटलं, गडावरचं पाणी पावसाचं, साठवलेलं, त्यात क्षार कुठला. त्याची अंघोळ आपल्यापेक्षा चांगली होत असणार, साबणाला फेसही येत असेल. आतोबा म्हणाले, अर्धा-पाऊण तास फडक्याला हात न लावता बसण्याचा धीर असलेला या पंचक्रोशीत तोच एक.

आत्या खिडकीबाहेर बघत होती. “फार उंच आहे म्हणतात,” ती म्हणाली. “दारात आला तर तेल देईन की. हळदही देईन. पण आधी सांगेन, बाबा रे, तुझा हात पोचतोय, तेवढा शॉवर खोलून दे.”

“आणि वॉशर आपण आणायचा,” वहिनींनी पुढच्या सीटवरून विचारलं, “की त्याच्याकडे असेल?”